मोटर जळत काहून नाही? इम्पीडन्सची गोष्ट

आजचा प्रश्न चांदूर बाजारच्या संत्र्याच्या बागेतला. मेन स्विच बंद करून मी विहिरीवरच्या मोटरच्या एका वाइंडिंगला मल्टीमीटर लावला. रेझिस्टन्स निघाला 4 ओहम. आता 230 भागिले 4, म्हणजे 57 अँपिअर! मग मोटर जळत काहून नाही?

कारण मल्टीमीटर बॅटरीचा डीसी सोडतो, अन् शेतात येतो एसी. तो सेकंदाला 50 वेळा मागे-पुढे होतो. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र या प्रत्येक बदलाला अडवतं. हा झाला रिअॅक्टन्स. रेझिस्टन्स आणि रिअॅक्टन्स मिळून एकूण अडथळा, तो इम्पीडन्स.

पण बेरीज सरळ नाही बरं! रेझिस्टन्स 3, रिअॅक्टन्स 4, तर इम्पीडन्स 7 नाही, 5. शाळेतला पायथागोरस आठवा. कॉइलमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे राहतो, म्हणून हा काटकोन.

मोटर फिरू लागली की इम्पीडन्स आणखी वाढतो. जाम झाली, की तो घटतो आणि करंट कितीतरी पट वाढतो. म्हणून मोटर नुसती गुणगुणत असेल, फिरत नसेल, तर लगेच बंद करा. वाइंडिंग वाचेल.

आणि मागे राहिलेल्या करंटचं काय? तो पाणी उपसत नाही, पण तारा आणि डीपी तापवतो, व्होल्टेज पाडतो. कपॅसिटरमध्ये उलटं, करंट व्होल्टेजच्या पुढे. म्हणूनच महावितरण कृषिपंपाला कपॅसिटर लावायला सांगतं. तो मात्र वायरमनकडूनच बसवा. लाइन गेल्यावरही कपॅसिटर झटका देऊ शकतो.

भेटू पुढच्या भागात!