सवय आजची, मूळ जुने

मधुमेह झाला की डॉक्टर पथ्य सांगतात. भात कमी करा, गोड बंद करा, दोन घास कमीच जेवा. आजी मान डोलावतात आणि रात्री नातवंडांच्या ताटात उरलेले गोळा करून स्वतः संपवतात. साखर काही खाली येत नाही. 'सांगून ऐकत नाहीत' ही घरच्यांची तक्रार ठरलेली!

परंतु या आजींनी १९७२ चा दुष्काळ पाहिलेला असतो. त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडलेली असते, रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी थापलेल्या असतात, लेकरांसाठी सुकडीची वाट पाहिलेली असते. अन्न टाकायला त्यांचा हात धजत नाही. याला हट्ट म्हणणे बरोबर नाही. अशा घरात आजींना रागावण्यापेक्षा मुळात शिजवताना माप कमी घ्यावे आणि मुलांना थोडे थोडे वाढावे. उरलेच नाही तर संपवायचे काय?

आपल्या प्रत्येकात अशी एखादी सवय किंवा भीती असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप सोसलेली काही माणसे अजूनही भांडे वाजले तरी दचकून उठतात. त्याचे कारण निदान सर्वांना ठाऊक असते. पण एखाद्याला दवाखान्याची पायरी चढायचीच भीती का वाटते, हे कित्येकदा त्याचे त्यालाही उमगत नाही.

अमेरिकेत सॅन डिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करीत. १९८० च्या दशकात त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. ज्यांचे वजन चांगले उतरत होते, असेच काही रुग्ण उपचार सोडून जात. विचारपूस केल्यावर अनेकांच्या बालपणी अत्याचार झाल्याचे कळले. पुढे डॉ. रॉबर्ट आंडा यांच्यासह त्यांनी हजारो प्रौढांची पाहणी केली व १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बालपणी असे आघात जितके जास्त, तितके पुढे धूम्रपान, नैराश्य व हृदयविकार यांचे प्रमाण अधिक दिसले. अर्थात ही समूहाची सरासरी झाली. ती कोणा एकाची जन्मपत्रिका नव्हे.

मूळ शोधायचे कसे? सगळा जन्म आठवत बसू नये, त्याने डोके तेवढे दुखते. आजची एकच सवय घ्यावी व विचारावे: हे मी केव्हापासून करतो? त्या सुमारास घरात काय चालले होते? तेव्हा माझ्याजवळ कोण होते? भावंडांनाही विचारावे, कारण स्मरणशक्ती प्रत्येक वेळी थोडी भर घालते, थोडे गाळते. आणि केवळ दुःखच धुंडाळू नये. शाळेत गुरुजींनी पाठीवर ठेवलेला हात, पहिला पगार आईच्या हाती दिला तो दिवस, परगावी एकट्याने काढलेले पहिले वर्ष, यांनीही माणूस घडतो. आजारपणात धीर येतो तो बहुधा याच शिदोरीतून.

लिहिण्याचाही उपयोग होतो. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटे आपल्या आघातांविषयी लिहायला सांगितले. ज्यांनी घडलेले आणि मनात आलेले दोन्ही लिहिले, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढील काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या प्रयोगांत गुण दिसला तो बेताचाच, पण वही-पेनाला खर्च तो किती! शुद्धलेखन पाहू नका, वाटल्यास लिहून फाडून टाका. लिहिता येत नसेल तर विश्वासातल्या माणसाशी बोला.

एक सावधगिरी मात्र हवी. लिहिल्यावर थोडा वेळ मन जड होते, ते स्वाभाविक आहे. परंतु झोप उडाली, तेच दृश्य वारंवार डोळ्यांपुढे येऊ लागले किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर लिहिणे थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते.