निवाप : आमिष आणि शिकार

चराईबंदी व कुऱ्हाडबंदीसाठी राळेगणसिद्धी हे गाव ख्यातनाम आहे. त्याच अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य स्थापन झाले. शिकारीसाठी दाणावैरण टाकून हरिणास जवळ आणणे कायद्यास मान्य आहे काय, हा प्रश्न आपण येथे विचारात घेऊ.

उत्तर नकारार्थी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत ठार मारण्याबरोबरच फासे लावणे, हाकारणे, आमिष दाखविणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. हरिण निसटले तरी अपराध घडतोच. काळवीट अनुसूची १ मध्ये असल्याने पिकाची नासाडी हे कारणही त्याच्या शिकारीस पुरत नाही.

मज्झिम निकायातील निवाप सुत्तात तथागतांनी हाच विषय दृष्टान्तासाठी घेतला आहे. निवाप म्हणजे पारध्याने मृगांसाठी पेरलेला चारा. मृगांचे पोषण व्हावे म्हणून तो पेरलेला नसतो. खाऊन बेसावध झालेले कळप हाती लागावेत, हाच त्यामागील हेतू असतो. येथे पारधी म्हणजे मार आणि चारा म्हणजे पंच कामगुण होत.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हत्येची गरज आणि हत्येची इच्छा यांत भेद केला आहे. आमच्या मते, आमिष मांडणाऱ्या हातामागे ही इच्छाच उभी असते. म्हणून पाणातिपातापासून विरती ही बाण सुटण्याच्या क्षणी नव्हे, तर चारा टाकण्यापूर्वीच सुरू झाली पाहिजे.