मोटारीचे इंजिन आणि गार हवा

बेगडेवाडी हे पुणे–लोणावळा लोहमार्गावरचे लहानसे स्टेशन. देहूरोड सोडल्यावर लोकल इथे घटकाभर थांबते आणि घोरावाडी-तळेगावकडे निघते. गाव लहान, पण मोटारींचे वारे त्याच्या चहूकडून वाहते. जुना पुणे–मुंबई रस्ता जवळून जातो. २००२ साली पुरा खुला झालेला द्रुतगती मार्ग पुण्याच्या बाजूला किवळ्याशी येऊन मिळतो. इंद्रायणीपलीकडे चाकणला मोटारींचे कारखाने उभे आहेत. अशा मुलखातल्या तरुणाला वेगवान गाडीची हौस वाटली तर नवल नाही.

या हौसेचा पहिला खर्च होतो तो बहुधा इंजिनाच्या हवेवर. दुकानदार सांगतो, "हा मूळचा डबा काढून टाका, ही उघडी गाळणी बसवा. गाडी गार हवा ओढील आणि नुसती पळत सुटेल बघा." पोराला ते पटते. आता यात खरे किती आणि दुकानदारी किती, हे आपण मुळापासून पाहू. कारण यात पैसे तर जातातच, पण मावळच्या पावसात कधी कधी सबंध इंजिनही जाते.

आपण म्हणतो, मोटार पेट्रोल पिते. खरे पाहता ती पेट्रोलपेक्षा किती तरी अधिक हवा खाते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. बाराशे घन सेंटिमीटरचे साधे चार फटक्यांचे, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, आणि दर खेपेला सिलिंडर पुरा भरत असेल, तर ते मिनिटाला १८०० लिटर हवा आत ओढते. दोनशे लिटरची नऊ पिंपे झाली की! पेट्रोल हवे तेवढे आत सोडता येते, त्याला पंप आहे. अडते ते हवेपाशी. जेवढी हवा आत गेली तेवढेच पेट्रोल कामाचे, बाकीचे वाया.

आणि इथेच खरी मेख आहे. सिलिंडर हवा मोजतो ती लिटराने, पण जळण्याच्या कामी येते ती हवा वजनाने मोजावी लागते. हवा तापली की फुगते, म्हणजे तेवढ्याच जागेत ती वजनाने कमी मावते. आपण मावळात समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर राहतो. इथे ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचे वजन अदमासे १.०८ किलो भरते. तीच हवा ६० अंशांची झाली तर ०.९९ किलो. इंजिन तेच, फेरे तेच, पण हवा नऊ टक्क्यांनी घटली. ढोबळ हिशोब लक्षात ठेवायचा तर दर दहा अंशांना तीन टक्के.

गुरुजी मंडळींना हे वर्गात सहज दाखवता येईल. पाण्याची एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली घ्या, आतून अगदी कोरडी करा, आणि बूच काढून भर दुपारी शाळेच्या पत्र्यावर उन्हात ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी तिथेच बूच घट्ट लावा आणि बाटली माठातल्या गार पाण्यात बुडवा. बाटलीचे गाल आत बसतील. मुलांना विचारा, हवा कुठे गेली? ती कुठेच गेली नाही. बाटली उन्हात असतानाच तिच्यात हवा कमी होती. बाटलीच्या जागी सिलिंडर कल्पिला म्हणजे आपला विषय निम्मा समजला.

ज्यांच्या विहिरीवर डिझेल इंजिन आहे किंवा पूर्वी होते, त्यांनी हाच प्रकार दुसऱ्या रूपात पाहिलेला असेल. पत्र्याची बंद खोली, दुपारची वेळ, आत इंजिन तासभर चाललेले. धूर काळा येऊ लागतो आणि इंजिन दमल्यासारखा आवाज करते. हवा वजनाने कमी पडते आणि फेरे टिकवण्यासाठी गव्हर्नर डिझेल वाढवत राहतो. ते पुरते जळत नाही, त्याचा धूर होतो. खोलीला समोरासमोर दोन खिडक्या पाडल्या तर पुष्कळ फरक पडतो. मोटारीचे बॉनेट ही तशीच पत्र्याची बंद खोली आहे. पुढे रेडिएटर; त्यातून आलेली हवा तापूनच आत येते. मागे किंवा बाजूला सायलेन्सरकडे जाणारी लालबुंद होऊ शकणारी नळी. गाडी पळत असते तेव्हा वारा बराचसा ताप उडवून नेतो. पण उर्से टोलनाक्यावर किंवा खंडाळ्याच्या घाटात सुटीच्या दिवशी रांगेत अडकलात, की बॉनेटखाली अक्षरशः भट्टी होते.

पेट्रोलच्या इंजिनात आणखी एक गोष्ट घडते. आत येणारी हवा फार गरम असली तर ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेट घेऊ पाहते आणि इंजिन ठोकू लागते. मेस्त्री म्हणतात, "नॉक मारतंय." आजकालच्या गाडीतला संगणक ही ठोक ऐकतो आणि ठिणगी उशिराने टाकतो. इंजिन वाचते, पण जोर कमी होतो. म्हणजे गरम हवेचा दंड दोनदा भरावा लागतो.

आता त्या उघड्या गाळणीकडे वळू. शंकूच्या आकाराची, लाल-निळ्या कापडाची गाळणी मूळ डब्याच्या जागी, बॉनेटच्या आतच बसवतात. ती हवा कुठली ओढणार? त्या भट्टीतलीच. कारखान्याचा डबा दिसायला बोजड, काळा प्लॅस्टिकचा. पण बहुतेक गाड्यांत त्याची नळी पुढच्या जाळीपाशी किंवा दिव्यामागे उघडते, म्हणजे रेडिएटरच्या आधीची, बाहेरची हवा घेते. तो काढून आपण पैसे देऊन गरम हवा विकत घेतो. मग गाडी वेगवान झाल्यासारखी का वाटते? आवाजामुळे. मूळचा डबा हवेचा घोगरा आवाज दाबतो. तो गेला की इंजिन डरकाळ्या फोडते, आणि चालवणाऱ्याचा पाय व मन दोन्ही जोरात चालतात.

तेव्हा हात लावण्यापूर्वी मोजावे. गाडीच्या तपासणी-खाचेत (मेस्त्री तिला ओबीडी म्हणतात) बसणारे लहान यंत्र बाजारात मिळते; मोबाइलवर ते आत येणाऱ्या हवेचे उष्णतामान दाखवते. मोकळ्या रस्त्याला साठ-सत्तरच्या वेगाने काही मिनिटे गाडी जाऊ द्या, आकडा शेजारी बसलेल्याने वाचावा, आणि त्या वेळच्या बाहेरच्या हवेशी ताडून पाहावा. बिनटर्बोच्या गाडीत फरक दहा-बारा अंशांच्या आत असेल तर त्या डब्यातून आणखी फारसे काही निघणार नाही, हे समजून पैसे खिशात ठेवावेत. फरक पंचवीस-तीस अंशांचा असेल तर कुठेतरी गरम हवा शिरते आहे. ती वाट शोधायची.

ती बहुतेक वेळा साध्या जागी सापडते. पुढची नळी डब्यापासून निसटलेली असते, क्लिप तुटलेली असते, किंवा अपघातानंतर बंपर बसवताना नळीचे तोंड बाजूला ढकलले गेलेले असते. नळी जागेवर बसवा, झाकणाचे रबर तपासा, नळीचे तोंड आणि जाळी यांमध्ये फट असेल तर स्पंजाच्या पट्टीने बुजवा. डबा गरम नळीच्या शेजारी असेल तर मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा उभा करा, पण डब्याला चिकटवून नको; दोहोंत बोटभर मोकळी जागा हवी. चुलीमागची भिंत तापू नये म्हणून आपण पत्रा थोडा पुढे उभा करतो, तसेच. नवी नळी घालायची झाली तर प्लॅस्टिकची घालावी. धातूची चकचकीत नळी फोटोत शोभते खरी, पण ती बॉनेटचा ताप आतल्या हवेला देते. नळीचा घेर मूळ नळीहून लहान नको, आणि काटकोनातली वळणे नकोत. एवढे करूनही गाळणी बंद डब्यातच असू द्या.

इथवर झाले साध्या इंजिनाचे. टर्बोच्या गाडीचा हिशोब वेगळा आहे, आणि हौशी लोक इथेच फसतात.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो हवा दाबून आत कोंबतो. हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून धरा आणि दहा-पंधरा वेळा जोराने दट्ट्या मारा. पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागेल. टर्बोत तेच होते, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. ३० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली आणि पंख्याची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर हवा बाहेर पडते ती सुमारे १२५ अंशांनी. उकळत्या पाण्याहून गरम! म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर बसवतात. तो हवा ५० अंशांवर आणू शकला तर तेवढ्याच जागेत तेवीस टक्के अधिक हवा मावते.

याच हिशोबाने पुढे जाऊ. समजा तुम्ही खटपट करून टर्बोच्या आधीची हवा दहा अंशांनी गार केलीत. टर्बोनंतर ती सुमारे तेरा अंशांनी गार निघेल. पण इंटरकूलर तसाही बराच ताप काढून घेतो. त्याच्या पलीकडे त्या तेरा अंशांतले जेमतेम दोन-तीन अंशच उरतात. तेव्हा टर्बोच्या गाडीत गाळणीवर हजारो रुपये खर्च करणे म्हणजे भरल्या विहिरीवर टँकर बोलावणे. लक्ष द्यायचे ते इंटरकूलरकडे.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. चाकणच्या कारखान्यात २००९ च्या अखेरीपासून फोक्सवॅगनची पोलो गाडी तयार होऊ लागली, आणि २०१३ साली तिची 'जीटी टीएसआय' ही जोरकस तऱ्हा निघाली. इंजिन ११९७ घन सेंटिमीटरचे, टर्बोचे, सुमारे १०५ अश्वशक्तीचे. २०२२ साली भारतात पोलोचे उत्पादन थांबले, पण जुन्या गाड्या हौशी लोक अजून शोधून घेतात. तिचा इंटरकूलर पुढे वाऱ्यात लावलेला नाही. तो इंजिनाला हवा वाटणाऱ्या नळकांड्याच्या पोटातच बसवला आहे. त्यातून पाणी फिरते, त्या पाण्याला विजेचा वेगळा लहान पंप आहे, आणि ते पाणी गार होते पुढच्या एका वेगळ्या लहान रेडिएटरमध्ये. हवेचा रस्ता आखूड राहतो, म्हणून पाय दाबताच गाडी उचल खाते. अशा गाडीत हवा गरम येऊ लागली तर आधी तो लहान पंप चालतो का ते पाहावे, कूलंटची पातळी पाहावी, आणि पुढच्या रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल, भाताचे काड, किडे साध्या पाण्याने हलकेच धुवावेत. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने जाळीचे पातळ पत्रे वाकतात आणि वारा अडतो. या धुण्याला खर्च काही नाही, आणि एरवी हाच ताप आपण नव्या सामानाने काढायला निघतो.

पुढे लावलेला मोठा इंटरकूलर मुळीच उपयोगी नाही असे नाही. शर्यतीच्या गाडीला, जिथे इंजिन सतत पूर्ण जोरात चालते, तो लागतोच. रोजच्या गाडीत मात्र त्याचे दोन तोटे आहेत. त्याचे पोट हवेने भरायला वेळ लागतो, म्हणून गाडी जोर उशिरा पकडते. आणि तो मुख्य रेडिएटरच्या पुढ्यात उभा राहून त्याचा वारा खातो. घाटात पाणी उकळले तर गार हवा घेऊन काय करायचे?

सामान बदलण्यापूर्वी कायद्याचाही विचार करावा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. निसटलेली नळी बसवणे ही दुरुस्ती; इंजिनाचा दाब किंवा रचना बदलणे ही निराळी गोष्ट. शंका असेल तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारावे.

राहिली धूळ आणि पाणी. ट्रॅक्टरच्या हवेची नळी बॉनेटच्या वर टोपी घालून उभी असते, ती उगीच नाही. धूळ खाली, हवा वर. मोटारीत गार हवेच्या लोभाने काही जण गाळणी थेट बंपरच्या आत, चाकापुढे नेऊन ठेवतात. तिथे हवा खरोखर गार असते. उन्हाळ्यात या मांडणीचे कौतुक होते. मग जून येतो. लोहमार्गाखालच्या मोरीत गुडघाभर पाणी साचते, गाडी त्यात शिरते, आणि गाळणी हवेऐवजी पाणी ओढते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, त्याला जागा मिळत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळे क्षणात होते. नळीचे तोंड कारखान्याने ठेवले त्याहून खाली आणू नये ते याचसाठी.

तरीही गाडी पाण्यात बंद पडलीच, तर पुन्हा किल्ली फिरवू नका. मोह होतो, मागून भोंगे वाजत असतात, पण इंजिनात पाणी असेल तर पहिल्या खेपेला वाचलेला रॉड दुसऱ्या खेपेला जातो. गाडी ढकलून किंवा ओढून बाहेर घ्या, गाळणीचा डबा उघडा. गाळणी कोरडी असेल तर बहुधा बचावलात. ओली असेल तर मेस्त्रीला बोलवा. पेट्रोलच्या गाडीचे सगळे स्पार्क प्लग, डिझेलच्या गाडीचे इंजेक्टर काढून तो इंजिन हाताने फिरवील आणि आतले पाणी बाहेर उडवील. ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल चहाच्या दुधाळ रंगाचे झाले असेल तर ऑइल आणि त्याचा फिल्टर दोन्ही बदलल्याशिवाय इंजिन चालू करू देऊ नका.