संगणकातला ‘ड्रायव्हर’ आणि दुकानाचा पैपैचा हिशेब

मुरबाडच्या बाजारपेठेतील एका हार्डवेअरच्या दुकानात आम्ही उधारीची यादी पाहिली. संगणकातून काढलेली, नीटनेटकी, शंभरावर नावांची यादी. नावे वेगळी, गावे वेगळी, बाकी वेगळी. पण मोबाईल नंबर मात्र प्रत्येकापुढे एकच : २१४७४८३६४७. मालकांना वाटले, नोकराने कंटाळा करून एकच नंबर सगळीकडे टाकला. पोराला बोलणी बसली. पोरगा बिचारा निर्दोष होता. त्याने प्रत्येकाचा खरा नंबर विचारून भरला होता.

डेटाबेसमध्ये आकड्यांसाठी जे रकाने असतात, त्यातल्या नेहमीच्या एका प्रकारात मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ एवढीच आहे. आपला मोबाईल नंबर संख्या म्हणून वाचला तर सहाशे कोटींच्या पुढचा. तो त्या रकान्यात मावत नाही. अशा वेळी संगणकाने काय करावे हे कोणीतरी ठरवून ठेवलेले असते. एक तर त्याने नोंद नाकारावी आणि तसे सांगावे, नाही तर मावेल तेवढे ठेवून गप्प बसावे. या दुकानात तो गप्प बसला होता.

हे कोणी ठरवले? मालकांनी नव्हे, मुनीमजींनीही नव्हे. संगणक बसवायला आलेल्या मुलाने, तोही घाईत. आणि त्यातले बरेचसे ठरते ते ‘ड्रायव्हर’ नावाच्या लहानशा प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये.

ड्रायव्हर म्हटले की आपल्याला टेम्पोचा ड्रायव्हर आठवतो, आणि ते फारसे चुकीचेही नाही. समजा मूळ दुकान शहापूरला, भावाचे मुरबाडला. किन्हवली, सरळगाव मार्गे टेम्पोतून माल जातो, तसा हिशेब तारेतून जातो. बिल करणारा प्रोग्रॅम एकीकडे, कीर्द-खतावणी साठवणारा डेटाबेस दुसरीकडे, आणि दोघांमध्ये नेआण करणारा तो ड्रायव्हर. पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅमची नेआण करण्याची रीत निराळी असे. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी नावाची सामाईक पद्धत आणली आणि तेव्हापासून एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या डेटाबेसशी बोलू लागला. टॅलीतला हिशेब एक्सेलमध्ये ओढून घेणारे आपले बंधू हीच वाट वापरतात.

टेम्पो पाठवताना आपण काय पाहतो? पत्ता बरोबर आहे का, ताडपत्री-कुलूप आहे का, आणि वजनाची पावती खरी आहे का. इथेही तेच पाहायचे आहे.

पत्त्याचा घोळ लवकर लक्षात येतो, कारण जोडणीच होत नाही. विंडोजमध्ये ओडीबीसीच्या खिडक्या दोन असतात, ३२ बिटची आणि ६४ बिटची. जोडणी एकीत केली आणि प्रोग्रॅम दुसऱ्या जातीचा निघाला, तर त्याला ती दिसत नाही. तसेच ‘यूजर’ म्हणून केलेली जोडणी मुलाच्या लॉगिनमध्ये चालते, वडिलांच्या लॉगिनमध्ये गायब. ती ‘सिस्टिम’ म्हणून करून घ्यावी. एवढेच.

पावसाळ्यातली गोष्ट मात्र जास्त गंभीर आहे. बिल अर्धे लिहून झाले आणि लाईन गेली. माल साठ्यातून वजा झाला, पण ग्राहकाच्या खात्यावर उधारी चढली नाही. बहुतेक ड्रायव्हर प्रत्येक ओळ लागलीच पक्की करतात. याला ‘ऑटोकमिट’ म्हणतात. बिलाच्या सर्व ओळी एकत्र पक्क्या व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये, असे प्रोग्रॅम करणाऱ्याकडून बांधून घ्यावे लागते. काही ड्रायव्हरांत लाईन तुटताच आपोआप पुन्हा जोडण्याचीही सोय असते. ऐकायला छान वाटते. पण तुटण्यापूर्वीचा अर्धा व्यवहार त्यात रद्द होतो आणि प्रोग्रॅमला ते कळतही नाही. तो पुढच्या ओळी नव्या जोडणीवर लिहीत सुटतो. ही सोय बंद असलेलीच बरी.

आता कुलूप. मुरबाडहून शहापूरचा हिशेब दिसावा म्हणून काही ठिकाणी डेटाबेसचे पोर्ट सरळ इंटरनेटला उघडे करून ठेवतात. मायएसक्यूएलचे ३३०६, एसक्यूएल सर्व्हरचे १४३३, हे क्रमांक जगजाहीर आहेत. मुख्य रस्त्यावर गोदामाचे शटर रात्रभर उघडे ठेवण्यासारखेच हे आहे. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाचा कीडा काही मिनिटांत जगभरच्या एसक्यूएल सर्व्हरांत शिरला आणि अमेरिकेतील एका मोठ्या बँकेची एटीएमसुद्धा त्याने अडवली. त्यावरचा इलाज सहा महिने आधीच उपलब्ध होता, लोकांनी तो बसवला नव्हता. दोन दुकानांमध्ये व्हीपीएनची खाजगी वाट करून घ्यावी आणि पोर्ट बाहेर उघडू नये. शिवाय दुकानातल्या प्रत्येक संगणकाला ‘रूट’ किंवा ‘एसए’ या मालकी नावाने जोडू नये. गल्ल्यावरच्या मुलाला बिल करण्यापुरताच हक्क द्यावा. तिजोरीची चावी आपण त्याला देतो का?

एन्क्रिप्शनच्या बाबतीत एक बारकावा आहे. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरमध्ये ‘प्रिफर्ड’ असे एक सेटिंग असते. त्याचा अर्थ, कुलूप लागले तर लाव, नाही लागले तर तसाच जा. तिथे ‘रिक्वायर्ड’ हवे, आणि समोरचा सर्व्हर खरोखर आपलाच आहे हे प्रमाणपत्रावरून तपासणारे सेटिंग असेल तर त्याहून उत्तम. एसक्यूएल सर्व्हरच्या २०२२ साली आलेल्या १८ क्रमांकाच्या ड्रायव्हरने एन्क्रिप्शन मुळातच चालू करून दिले. तेव्हा जुन्या जोडण्या प्रमाणपत्राची तक्रार करीत बंद पडू लागल्या. त्यावर अनेकांनी काढलेला सोपा तोडगा म्हणजे ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ला ‘येस’ लिहून टाकणे. म्हणजे पाकीट सीलबंद, पण दारात जो उभा असेल त्याच्या हातात. एकाच खोलीतल्या दोन यंत्रांत हे खपून जाईल. शहापूर ते मुरबाड खपू नये.

परंतु आमच्या मते खरा धोका तिसऱ्या बाबतीत, वजनाच्या पावतीत आहे. पत्ता चुकला तर गाडी अडते, कुलूप तुटले तर आज ना उद्या बोभाटा होतो. आकडा बिघडला तर कोणीच ओरडत नाही.

दहा पैसे दहा वेळा मिळवले तर एक रुपया व्हावा. पण रकाना ‘फ्लोट’ किंवा ‘डबल’ जातीचा असेल तर संगणकाचे उत्तर येते ०.९९९९९९९९९९९९९९९९. कारण तो आतून दोनच्या पाढ्यात मोजतो आणि त्या पाढ्यात एक दशांश कधी पुरा लिहून होत नाही. पुढे प्रोग्रॅमने दोन आकड्यांवर छाटले की झाले नव्याण्णव पैसे. कोणी म्हणेल, एका पैशाने काय होते? कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराला विचारावे. तिथला निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक फेरमोजणीत तिसऱ्या दशांशापुढचे आकडे छाटले जात. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४.८११ दाखवत होता. हिशेब नीट केला तेव्हा निघाला १०९८.८९२.

म्हणून रुपयांचा रकाना ‘डेसिमल’ जातीचा असावा. बारा आकडे, त्यातले दोन दशांशानंतर, एवढ्यात नऊशे नव्याण्णव कोटींपर्यंतचा हिशेब बसतो; शहापूर-मुरबाडला तो पुरावा. किलोच्या वजनाला तीन दशांश ठेवावेत. (दशांश अपूर्णांक इसवी सन ९५२ च्या सुमारास दमास्कसच्या अल्-उक्लीदिसी यांनी वापरले आणि १४२७ मध्ये समरकंदच्या अल्-काशी यांनी ते सविस्तर मांडले. घरचीच विद्या आहे, तिला इतके घाबरायला नको.)

मोबाईल नंबर, बँक खाते, एसटीडी कोड हे आकड्यांत लिहिले तरी संख्या नव्हेत. त्यांची बेरीज कोणी करीत नाही. ते अक्षरांच्या रकान्यात ठेवावेत. संख्या म्हणून ठेवले तर पुढचे शून्य उडते. सोळा आकडी खाते क्रमांक एक्सेलमध्ये संख्या म्हणून गेला तर शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच आकडे सांभाळते. एक्सेलचा जुना ड्रायव्हर तर पहिल्या आठ ओळी पाहूनच रकान्याची जात ठरवतो. आठही बिल क्रमांक साधे असले आणि नवव्या ओळीत ‘१०९ अ’ आला, तर ती जागा कोरी.

आपल्या लिहिण्याच्या सवयीही आड येतात. सव्वा लाख आपण १,२५,००० असे स्वल्पविराम देऊन लिहितो. नियम सैल ठेवलेला मायएसक्यूएल पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबतो आणि नोंद करतो १ रुपया. देवनागरी आकडे तर त्याला आकडे वाटतच नाहीत, तो शून्य धरतो. याला ‘स्ट्रिक्ट मोड’ हा उपाय आहे. चुकीची नोंद तो घेतच नाही, तोंडावर नाकारतो. २०१५ साली आलेल्या ५.७ आवृत्तीपासून तो मुळातच चालू असतो. पण जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून जोडणी होताच तो बंद करणारी एक ओळ ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये घालून ठेवलेली असते. मुरबाडच्या त्या दुकानात आम्हाला हीच ओळ सापडली.

भात निघेपर्यंत पत्रा, खिळे, पाईप उधारीवर नेणाऱ्या शेतकऱ्याजवळ वेगळी नोंद नसते. आपली वही तीच त्याची वही. सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे, आणि रक्कम लहान म्हणून कंटाळा करू नये असेही त्यात आहे. लिहिणारा हात आता यंत्राचा झाला, तरी जबाबदारी दुकानदाराचीच राहते.

भागीदारांनी एक गोष्ट वेगळी ठरवावी. दहा हजारांचा नफा तिघांत वाटला की ३,३३३ रुपये ३३ पैसे होतात आणि एक पैसा उरतो. तो कोणाच्या खात्यावर जाणार हे कोणताही ड्रायव्हर ठरवू शकत नाही. ते करारपत्रातच लिहावे.

संगणकवाल्याकडून सर्व सेटिंग कागदावर लिहून घ्यावीत, पासवर्ड मात्र त्या कागदावर नको. मग डेटाबेसची नक्कल करून त्यात शहापूरहून चार नोंदी कराव्यात : स्वल्पविरामासह सव्वा लाख, दहा पैसे दहा वेळा, स्वतःचा मोबाईल नंबर आणि शून्याने सुरू होणारा ०२५२७. मुरबाडच्या पडद्यावर त्या जशाच्या तशा दिसल्या, किंवा चुकीची म्हणून स्पष्ट नाकारल्या गेल्या, तर ठीक. वेगळेच काही दिसले तर दुरुस्ती होईपर्यंत रोजमेळ कागदाच्या वहीतच लिहावा.