बिनपडद्यांची गिटार

सतारीच्या दांडीवर पडदे असतात. सरोदावर केवळ गुळगुळीत पोलादी पत्रा असतो. म्हणूनच सतारवादक मींड घेण्यासाठी तार आडवी खेचतो, तर सरोदवादक तारेवरून नख सरकवीत एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जातो. विजेच्या गिटारीचे पडदे काढले, की तीही काही अंशी सरोदाच्या पंक्तीस जाऊन बसते. हे काम घरी करता येते. मात्र ते उलटविणे कठीण असल्याने त्याचे मर्म आधी जाणून घेणे इष्ट होय.

गिटारीचे पडदे गणिताने बसविलेले असतात. सप्तकाचे बारा समान भाग कल्पून प्रत्येक पडद्यागणिक तारेची लांबी ठराविक प्रमाणात घटविलेली असते. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला पडदा सुमारे ३६ मिलिमीटरांवर, तर बारावा ३२४ मिलिमीटरांवर, म्हणजे मध्यावर येतो. पडदे गेले, की मधले सूक्ष्म स्वर मोकळे होतात. पण स्वर अचूक लावण्याचा सारा भार बोटावर आणि कानावर पडतो.

प्रथम तारा उतराव्यात. डाख देण्याच्या विजेच्या हत्याराने एकेक पडदा तापवावा आणि तो सैल झाल्यावर पकडीने हळूहळू वर उचलावा. घाई केल्यास लाकडाच्या कपच्या निघतात. रिकाम्या खाचांमुळे मान दुबळी होते; म्हणून त्यांत लाकडाच्या पातळ चिपा सरसाने बसवून, वाळल्यावर काचकागदाने सपाट कराव्यात. या वेळी नाकातोंडात भुसा जाऊ देऊ नये. चिपा फिकट रंगाच्या असल्यास पडद्यांच्या जागा डोळ्यांस दिसत राहतात. पडद्यांची उंची गेल्यामुळे तारगहनाच्या खाचा खोल कराव्या लागतात आणि घोडीही खाली घ्यावी लागते.

वादनातही फरक पडतो. पूर्वी बोट पडद्याच्या किंचित मागे ठेवले तरी चाले; आता ते नेमके रेषेवरच पडावे लागते. गोल वेटोळ्यांच्या तारा लाकूड कुरतडतात. म्हणून सपाट वेटोळ्यांच्या तारा बऱ्या. नायलॉनच्या तारा येथे निरुपयोगी, कारण गिटारीतील चुंबकाला लोहधातूचीच तार लागते. अमेरिकन वादक जॅको पॅस्टोरियस याने आपल्या बास गिटारीच्या पट्टीवर, नौकांसाठी वापरतात तशा इपॉक्सीचा कठीण लेप दिला होता. तुर्कस्तानात एर्कान ओगुर यांनी १९७६ साली बिनपडद्यांची साधी गिटार घडविली, ती तेथील संगीतातील सूक्ष्म स्वरांसाठीच.

या लाभाचे मोलही द्यावे लागते. बोटाचे मांस तारेचे कंपन शोषून घेते, त्यामुळे नाद लवकर विरतो; अनेक तारा एकदम सुरात दाबणे तर फारच अवघड. यास्तव पहिला प्रयोग जुन्या, स्वस्त वाद्यावर करावा. मान स्क्रूने बसविलेली असल्यास दुसरी मान आणून तिच्यावर हात चालवावा आणि मूळ मान जपून ठेवावी. लाकडावरील काम एका दिवसात उरकेलही; कान तयार होण्यास मात्र पुष्कळ काळ लागतो.