हाडांची साक्ष व बखरकाराचा शब्द

जुन्या गढीचा पाया खणतांना अगर नदीची दरड ढांसळून मानवी हाडें बाहेर आलीं, कीं तीं उचलून, धुऊन, एका पोत्यांत भरून ठेवण्याकडे पुष्कळांचा कल असतो. कागदाचा जीर्ण तुकडा हातीं आला असतां त्याची घडी, शिक्का, शाईचा रंग हीं प्रथम टिपून घेणारे गृहस्थच हाडांच्या बाबतींत असे निष्काळजी कां होतात, हें आम्हांस उमगत नाहीं. हाड हाही एक अस्सल कागदच आहे. लिपि मात्र निराळी. गुन्ह्यांच्या तपासासाठीं वाढलेलें न्यायवैद्यक मानवशास्त्र ती लिपि कशी वाचतें, हें एका प्रसिद्ध उदाहरणानें आम्ही येथें दाखवूं इच्छितों.

प्रौढ मनुष्याच्या शरीरांत २०६ हाडें असतात. अर्भकाच्या शरीरांत त्यांचे सुटे भाग याहून पुष्कळ अधिक असून, वाढीबरोबर ते ठराविक क्रमानें एकमेकांस जुळत जातात. या क्रमावरूनच वय काढतां येतें. गळ्याच्या हाडाचें छातीकडील टोंक सर्वांत शेवटीं, तिशीच्या आसपास, पक्कें होतें. त्यापुढें मात्र झिजेवरून अंदाज करावा लागतो, व तो कित्येक वर्षांनीं चुकूं शकतो. स्त्री कीं पुरुष हें कमरेच्या हाडांवरून उत्तम कळतें, कारण प्रसूतीच्या सोईसाठीं स्त्रीचीं तीं हाडें अधिक रुंद व मोकळीं असतात. कवटीची साक्ष त्या खालोखालची. लहान मुलांच्या बाबतींत दोन्ही साक्षी फारशा कामाच्या नाहींत. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज होतो. जखमांचें वाचन विशेष बारकाईचें आहे. ताजें हाड ओलसर व चिवट असल्यानें मरणसमयींच्या वाराची कड साफ असते, व तिचा रंग बाकीच्या हाडासारखाच दिसतो. मजुराच्या कुदळीनें पडलेला छेद फिकट व खरबरीत असतो. जखमेनंतर मनुष्य जगला असल्यास कडा भरून गोल होतात. हाडें घासून धुतलीं कीं या खुणांपैकीं कांहीं कायमच्या जातात.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ रोजीं बॉसवर्थच्या लढाईंत पडला, व लेस्टर येथील ग्रेफ्रायर्स मठाच्या चर्चमध्यें त्यास पुरलें. पुढें मठ मोडला, आणि राजाचीं हाडें सोअर नदींत फेकलीं अशी वदंता पसरली. ती पुष्कळांनीं खरी मानिली. २०१२ सालीं लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनीं मोटारी उभ्या करण्याच्या एका आवारांत खणून मठाचे पाये शोधले, तों चर्चच्या पूर्वभागीं आंखूड, ओबडधोबड खड्ड्यांत एक सांगाडा मिळाला. तो पुरुषाचा, वय ३० ते ३४, राजा मरणसमयीं ३२ वर्षांचा होता. मरणसमयींच्या ११ जखमा निघाल्या, पैकीं ९ कवटीवर, आणि एकही भरून आलेली नाहीं. कमरेच्या हाडावरील घाव चिलखत अंगावर असतांना बसण्याजोगा नाहीं. तो बहुधा प्रेताच्या विटंबनेचा असावा.

परंतु आमच्या वाचकांस अधिक मोलाची गोष्ट पुढेंच आहे. रिचर्डच्या हयातींत त्याची स्तुति करणारा जॉन राउस हा लेखक राज्य पालटतांच उलटला. राजा दोन वर्षें आईच्या पोटांत होता, दांत व खांद्यापर्यंत केंस घेऊन जन्मला, असें त्यानें लिहून ठेविलें. टॉमस मोर यानें पुढें राजास कुबड, वाळलेला हात व उंच डावा खांदा दिला. शेक्सपीअरनें तेंच चित्र रंगविलें. रिचर्डच्या कैवाऱ्यांनीं हें सर्वच शत्रूचें कारस्थान ठरविलें होतें. सांगाड्यानें दोन्ही पक्षांस खोटें पाडलें. कणा एका बाजूस बराच वांकलेला आहे, पण कुबड नाहीं. दोन्ही हात धड आहेत. आणि उंच असणार तो उजवा खांदा. उजवा खांदा उंच, डावा खालीं, हें नेमकें त्याच राउसनें लिहिलें आहे. भाकडकथा सांगणाऱ्या ग्रंथांतलें तेवढें एक वाक्य खरें निघालें. आपल्याकडील एखादी बखर चमत्कारांनीं भरली आहे म्हणून सगळीच टाकून देणाऱ्यांनीं हें पाहावें.

हाड स्वतः नांव सांगत नाहीं. त्यासाठीं वंशावळीचे कागद लागले. राजाच्या बहिणीपासून केवळ स्त्रीपरंपरेनें आलेल्या वंशजांचें आनुवंशिक द्रव्य सांगाड्याशीं जुळलें. पुरुषपरंपरेचे म्हणून नोंदलेले वंशज मात्र जुळले नाहींत: कागदीं अखंड दिसणारी वंशावळ शतकांच्या ओघांत कोठें तरी तुटली आहे. कालमापनही आरंभीं फसवें ठरलें. हाडांतील कार्बनवरून काळ १४८५ च्या मागें जाऊं लागला, कारण राजाच्या आहारांत समुद्रांतील मासळी बरीच होती व तिच्यांतील कार्बन जुना भासतो. ती दुरुस्ती करतां १४५० ते १५४० हा काळ आला.

या सांगाड्यास पावलें नाहींत. पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें झालेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगांतील प्रौढांचे जे सांगाडे निघाले, त्यांपैकीं बहुतेकांतही घोट्याखालचा भाग नाहीं. लेस्टरचीं पावलें नंतरच्या बांधकामांत गेलीं. इनामगांवास तीं पुरण्यापूर्वींच तोडीत, असा निष्कर्ष निघाला. केवळ पोत्यांतील हाडें पाहून हा भेद कोणास सांगतां आला असता? तो खड्ड्याच्या आकारावरून, मातीच्या थरांवरून, व एकच रीत अनेक दफनांत दिसल्यावरून कळतो. म्हणून हाडें दिसतांच खणणें थांबवावें. तीं अलीकडचीं असण्याचाही संभव असल्यानें प्रथम पोलिसांस वर्दी द्यावी, व जाणता मनुष्य येईपर्यंत डोकें कोणत्या दिशेस आहे, खोली किती, जवळ भांडें अगर मणी आहे काय, एवढें न हलवितां टिपून छायाचित्र घ्यावें.