जन्म कंपनीचा, जयघोष शिवरायांचा

भारतीय लष्करातील मराठा लाइट इन्फन्ट्री ही पायदळाची रेजिमेंट दरवर्षी ४ फेब्रुवारीला ‘मराठा दिन’ पाळते. १६७० साली याच दिवशी तानाजी मालुसरे यांनी प्राणांची आहुती देऊन कोंढाणा जिंकून दिला. बेळगावात केंद्र असलेल्या या रेजिमेंटची युद्धघोषणाही शिवछत्रपतींच्या नावाचीच आहे. तथापि तिचा जन्म स्वराज्यात झालेला नाही. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईत झाला.

मुंबईतील आपल्या मुलखाच्या रक्षणासाठी कंपनीने १७६८ मध्ये शिपायांची एक पलटण उभारली. हीच पुढे ‘जंगी पलटण’ म्हणून ख्यातनाम झाली. पुढील वर्षी ‘काळी पाचवी’ उभी राहिली. त्यानंतरच्या ५० वर्षांत याच कंपनीने मराठ्यांशी तीन युद्धे केली आणि १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आणली. म्हणजे ज्या सत्तेने मराठेशाही बुडवली, तिच्याच पदरी या पलटणी वाढल्या.

‘लाइट इन्फन्ट्री’ म्हणजे मुख्य सैन्यापुढे विखरून, चपळाईने लढणारे हलके पायदळ. हा किताब मानाचा समजला जाई आणि तो रणांगणावर मिळवावा लागे. १८४० मध्ये बलुचिस्तानातील काहान येथील गढीत ‘काळ्या पाचवी’ची एक तुकडी मरी टोळ्यांच्या वेढ्यात सापडली. मदतीस निघालेली फौज वाटेतील खिंडीतच पराभूत झाली. तरीही तुकडीने अनेक महिने गढी सोडली नाही. या चिवटपणाबद्दल १८४१ मध्ये पलटणीला ‘लाइट इन्फन्ट्री’ हा किताब मिळाला. पुढे १९२२ च्या पुनर्रचनेत मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या आणि बेळगाव हे त्यांचे प्रशिक्षणाचे ठिकाण ठरले.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत येथे वेढ्यात अडकलेल्या फौजेत मराठा पलटणी होत्या. उपासमारीनंतर एप्रिल १९१६ मध्ये त्या फौजेला शरण जावे लागले. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर दोन मराठा जवान व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील सारे सहकारी मशीनगनच्या माऱ्यात पडले. घाडगे यांनी एकट्याने ते ठाणे काबीज केले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित स्थळी आणले. मग शत्रूची मशीनगनची ठाणी निकामी करून ते बांधावर चढले आणि मराठा युद्धघोषणा देत त्यांनी मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. इंग्लंडच्या राजाने दिलेल्या या सन्मानपत्रात मराठ्यांच्या त्या आरोळीची नोंद आहे. फौज राजाची होती. पण मरणाच्या दारात शिपायाने स्मरण केले ते आपल्या इतिहासाचे. परंपरा हुकमाने रुजत नाही, ती अशा क्षणी शिपायांच्या मुखातून रुजते.

स्वातंत्र्यानंतर फौजेचे निष्ठास्थान बदलले. घाडगे यांची तिसरी बटालियन पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या मोहिमेत तीच फोंड्याच्या मार्गाने पुढे सरकली. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील जमालपूरला जंगी पलटणीच्या ब्रिगेडच्या प्रमुखाने शरणागतीचे पत्र पाठवले, तेव्हा पाकिस्तानी अधिकाऱ्याने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. दोन दिवसांतच जमालपूर पडले.

‘कर्तव्य, मान, साहस’ हे रेजिमेंटचे ब्रीद. आज मराठी मुलखाबरोबरच कर्नाटकातील तरुणही बेळगावच्या केंद्रात घडतात आणि लष्करभर ‘गणपत’ या लाडक्या नावाने ओळखले जातात. त्यांच्या मानचिन्हात या साऱ्या वाटचालीच्या खुणा एकत्र दिसतात : बिगूल हलक्या पायदळाचा, ढाल-तलवार मराठ्यांची आणि अशोकाचे सिंह प्रजासत्ताकाचे.